वीस सेकंदांचा उजेड

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला लोकल जाते ते कर्जत आठवतं. आमचं कर्जत नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला. गोदड महाराजांच्या रथाचं, राशीनच्या देवीचं, एका अंगाला भीमा आणि दुसऱ्या अंगाला सीना असूनही मृग कोरडा गेला की काळजीत पडणारं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात नगरच येतं. तेवढं चालवून घ्यावं. इथं माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, जावळं, शाळेचे ग्रुप फोटो, परीक्षेच्या फॉर्मला लागणारे पासपोर्ट. आणि अधूनमधून पोलिसांचं बोलावणं.

तालुक्याच्या ठिकाणी पोलिसांकडे स्वतःचा फोटोग्राफर नसे. ठसेतज्ज्ञ, श्वानपथक जिल्ह्याच्या गावाहून यायचं. ते पोचेपर्यंत प्रेत उन्हात किती वेळ ठेवणार? मग एखादा शिपाई मोटारसायकल दुकानासमोर उभी करून, खाली न उतरताच सांगायचा, “साहेबांनी बोलावलंय पंचनाम्याला. बॅटरी भरून घ्या.” बॅटरी म्हणजे फ्लॅशचे सेल. रोल संपला की एस.टी.नं नगरच्या कलर लॅबला जायचा, प्रिंटा परत यायच्या, त्या पोलिसांना द्यायच्या, निगेटिव्ह आपल्याकडे जपायच्या. बिल प्रिंटच्या हिशोबानं. ते मंजूर होईपर्यंत कधी कधी आरोपी जामिनावर सुटून बाजारात भेटायचा.

या कामात मी केलेल्या चुका लिहायला बसलो तेव्हा मलाच एक गोष्ट नवी कळली. हात कच्चा होता म्हणून झालेल्या चुका फार थोड्या निघाल्या, आणि त्या कुणाला बाधल्याही नाहीत. बाधल्या त्या तयार हाताच्या. लग्नाच्या मांडवात ज्या सवयींसाठी लोक मला शाबासकी द्यायचे, त्याच सवयी घटनास्थळावर माझ्याबरोबर आल्या आणि तिथं त्यांनी घोळ घातला.

विहिरीपासून सांगतो. आमच्या भागात विहिरीत बाई सापडली की आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते. पोलिसांच्या बोलण्यात ती ‘एडी’. ती एडीच राहणार की पुढे गुन्हा दाखल होणार, हे त्या पहिल्या काही तासांत काय दिसलं आणि काय लिहून ठेवलं गेलं यावर पुष्कळसं ठरतं. मी पोचलो तेव्हा बाईला वर काढलेलं होतं, माणसं गोळा झालेली, पंच यायचे होते. काठाजवळ एक चप्पल उलटी पडलेली आणि दुसरी तिच्यापासून चार-पाच हात लांब, गवतात. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं, ती लगेच सरळ करायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी वाकलो, चप्पल सुलटी केली. आणि मग दुसरी चप्पल फ्रेममध्ये येत नव्हती म्हणून तीही उचलून शेजारी ठेवली. जोडीनं, टाचा विहिरीकडे नाही, पुढचा भाग विहिरीकडे. फोटो फार नेटका आला.

काठावर जोडीनं काढून ठेवलेल्या चपला काय सांगतात? बाई आपल्या पायानं आली, चपला काढल्या आणि उडी घेतली. एक उलटी आणि एक लांब गवतात, यातून दुसरंच काही निघू शकतं. नाहीही निघणार, चपला गर्दीच्या पायांनीही उडाल्या असतील. पण तो विचार करायची संधी मी तपास करणाऱ्याच्या हातून काढून घेतली होती. पंच आले, पंचनामा लिहिला गेला, त्यात चपला ‘विहिरीच्या काठावर जोडीने’ असं आलं, आणि माझा फोटो त्याला पुरावा.

त्या रात्री जेवताना हे लक्षात आलं. सकाळी ठाण्यात जाऊन सांगितलं. सांगायला गेलो यात मोठेपणा काही नाही. रात्रभर मी न सांगण्याचीच कारणं शोधत होतो. साहेब काही वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग शिव्या दिल्या, मग पुरवणी जबाब घेतला. पुढे त्या प्रकरणाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

या कामाचा पहिला नियम मला कुणी शिकवला नव्हता, पण तो कुठल्याही पुस्तकात पहिल्याच पानावर असतो. आधी लांबून, चारी कोपऱ्यांतून सगळी जागा घ्यायची. मग मधल्या अंतरावरून, म्हणजे वस्तू आणि तिच्या आसपासचं काहीतरी न हलणारं, दार, झाड, विहिरीचा कठडा, दोन्ही एका चौकटीत येतील असं. मग जवळून, एकदा जशी आहे तशी आणि एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून. यातलं काहीही होण्याआधी हात खिशात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या पोलिसांत आल्फोन्स बर्तियाँ नावाचा माणूस होता. त्यानं उंच तिकाटण्यावर कॅमेरा चढवून प्रेताचा वरून सरळ खाली फोटो घ्यायची पद्धत बसवली, आणि फोटोवरून अंतरं मोजता यावीत म्हणून छापील मापांच्या चौकटी वापरल्या. मला त्याचं कौतुक वेगळ्याच कारणानं वाटतं. फोटोग्राफरची आवडनिवड जिथून आत शिरते ती सगळी भोकं त्यानं बुजवायला घेतली होती. माझ्यासारख्यांना तो ओळखून असावा.

बुटाच्या ठशाची गोष्ट थोडक्यात. एका वस्तीवर जनावरं चोरीला गेली होती, गोठ्याच्या तोंडाशी फुफाट्यात बुटाचा सुंदर ठसा. मी कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून समोरून उडवला. शेजारी मापासाठी एक रुपयाचं नाणं. प्रिंट आली ती सपाट, पांढरी, ठसा जवळपास पुसलेला. स्टुडिओत चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायच्या असतात तेव्हा उजेड समोरूनच टाकतात. ठशाच्या रेषा म्हणजे सुरकुत्याच की! त्या दिसायला हव्या असतील तर उजेड जमिनीलगत, तिरपा, बाजूनं यायला हवा, आणि एकाच बाजूनं नाही. फ्लॅश तारेनं कॅमेऱ्यापासून सोडवायचा, जमिनीपासून वीतभर उंचीवर धरायचा, आणि निदान तीन-चार दिशांनी वेगवेगळे फोटो घ्यायचे, कारण एका बाजूच्या उजेडात जी रेघ उठते ती दुसऱ्या बाजूच्या उजेडात बुडते. कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, जमिनीशी समांतर. मोजपट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला; ठसा खोल असेल तर पट्टी शेजारी थोडं उकरून ठेवायची, नाहीतर पट्टी कॅमेऱ्याला जवळ आणि ठसा लांब, मग माप चुकतं. आणि नाणं नको. नाण्यावर मिलिमीटर नसतात, शिवाय एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या मापांत निघालेली आहेत हे मला एका वकिलांनीच पुढे समजावून सांगितलं.

तिथं बसलेल्या एका मेंढपाळ म्हाताऱ्यानं मला फोटो काढतानाच टोकलं होतं. “आत्ता कशाला काढतूस? उन्हं कलू दे, मग बघ कसा उठतोय.” जुन्या काळी गावोगावी चोरीचा माग काढणारी माणसं असत. माग गावच्या शिवेबाहेर गेला हे दाखवून दिलं की जबाबदारी पुढच्या गावाची. ही माणसं सकाळच्या नाहीतर कलत्या उन्हातच माग बघत. म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. मी मात्र “बाबा, ह्यात काय कळतं तुम्हाला” असं म्हणालो होतो. शब्दही हेच.

आता वीस सेकंद.

तोवर डिजिटल कॅमेरा आला होता आणि मला रात्रीच्या फोटोंचं वेड लागलं होतं. रथाच्या रात्री तिकाटणं लावून शटर उघडं ठेवायचं आणि दिव्यांच्या रेषा धरायच्या, असले उद्योग मी हौसेनं करायचो. अशात एका वस्तीवर जबरी चोरी झाली. घरातल्या एका माणसाचं म्हणणं, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, बाभळीखाली उभा असलेला इसम त्यानं ओळखला. अंगणात उजेड म्हणाल तर पडवीतला झिरोचा बल्ब. अमावस्येच्या आसपासचे दिवस. तपासी अंमलदारांनी सांगितलं, त्याच वेळी रात्री येऊन अंगणाचे फोटो काढा. विचार योग्यच होता.

मी गेलो, तिकाटणं रोवलं, आयएसओ वाढवला, शटर वीस सेकंद उघडं ठेवलं. पडद्यावर फोटो उमटला आणि भोवतीची माणसं ‘वा’ म्हणाली. बाभळीचा शेंडा न् शेंडा दिसत होता. गव्हाणीतला कडबा दिसत होता. त्या टोकाला एका शिपायाला उभं केलं होतं, त्याच्या शर्टाची बटणं मोजता आली असती. प्रत्यक्षात मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून बघत होतो तेव्हा मला तिथं माणूस आहे एवढंच कळत होतं, तेही तो तिथं आहे हे आधीच माहीत होतं म्हणून. पण मी डोळ्यांनी काय दिसतंय याच्याकडे लक्षच दिलं नाही. अंधारातून एवढं काढलं याच आनंदात घरी आलो. प्रिंटच्या मागे वेळ, आयएसओ, शटर, काहीही लिहिलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांनी फोटो दाखल केला, त्यावर निशाणी पडली. मी सरतपासात सांगितलं, हा फोटो मीच काढला, त्याच रात्रीच्या वेळी, त्याच जागी. मग आरोपीचे वकील उठले. मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी माझ्या कामाची स्तुती केली. लग्नाचे फोटो काढता ना? किती वर्षं? मग विचारलं, कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं होतं. कॅमेरा जे काही टिपतो ते फाइलीतही लिहून ठेवतो, आणि फाइलीची सीडी त्यांच्याकडे होती. उत्तर त्यांना माहीत होतं. मी सांगितलं, वीस सेकंद.

“माणसाचा डोळा वीस सेकंद उजेड साठवतो का?”

“नाही साहेब.”

“मग या फोटोत जे दिसतं ते त्या रात्री तिथं उभ्या असलेल्या माणसाला दिसत होतं का?”

मी थांबलो. न्यायाधीश माझ्याकडे बघत होते. मला सांगता आलं असतं की ते मी कसं सांगणार, माझं काम फोटो काढायचं. पण मी तिथं उभा होतो, मला माहीत होतं. म्हणालो, “नाही. मला एवढं दिसत नव्हतं.”

कोर्टाची साक्ष मराठीत लिहिली जाते तेव्हा प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य होतं. माझ्या साक्षीत ते असं टाइप झालं: ‘हे म्हणणे खरे आहे की, सदर फोटो काढतेवेळी शटर वीस सेकंद उघडे होते. हे म्हणणे खरे आहे की, फोटोत दिसणारा उजेड त्या ठिकाणी प्रत्यक्षात नव्हता.’ खाली माझी सही. माझ्या सगळ्या कारकिर्दीचं इतकं नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही.

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. माझ्या फोटोमुळे सुटला असं मी म्हणणार नाही. केस इतर बाजूंनीही पातळ होती. पण ओळखणारा साक्षीदार कदाचित खरं बोलत असेल. आपल्या घरी वाढलेल्या, रोज दिसणाऱ्या माणसाची उभं राहायची ढब अंधारातही कळते. तो तसं म्हणाला असता तर ते कोर्टानं तोलून पाहिलं असतं. माझ्या झगझगीत फोटोनं त्याला खोटं पाडलं, कारण फोटो त्याच्या बाजूनं खोटं बोलत होता. आणि उलटं झालं असतं तर? वकील हुशार नसते, फाइल उघडून बघितली नसती, आणि त्या उजेडाच्या जोरावर चुकीचा माणूस आत गेला असता तर? हा दुसरा विचार मला जास्त छळतो.

पुढे वाचलं की याची नीट पद्धत आहे. त्याच वेळेला, चंद्र त्याच अवस्थेत असताना जायचं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्यायचा. साक्षीदाराच्या जागेवर उभं राहून, लांब ठेवलेल्या काळ्या-करड्या पट्ट्यांपैकी कुठल्या वेगळ्या ओळखू येतात ते लिहून ठेवायचं, आणि मग फोटोत त्याच पट्ट्या तेवढ्याच ओळखू येतील इतका तो गडद ठेवायचा. म्हणजे मुद्दाम वाईट फोटो काढायचा. तोही अंदाजच, पण निदान कशाशी ताडून बघितलाय हे सांगता येतं.

डिजिटलनं आणखी पुष्कळ खड्डे खणले आणि मी जवळजवळ प्रत्येकात पडलो. कॅमेऱ्याचं घड्याळ बारा तासांनी मागे होतं, सकाळचं रात्र आणि रात्रीचं सकाळ. लग्नात त्यानं काय बिघडतं? एका प्रकरणात मात्र फाइलीतल्या वेळेप्रमाणे मी प्रेताचे फोटो फिर्याद दाखल व्हायच्या आधीच काढलेले होते. हललेले, अंधारलेले फोटो मी जागेवरच डिलीट करायचो. गिऱ्हाइकाला वाईट माल दाखवायचा नाही. पण फाइलींना क्रमांक असतात आणि मधले क्रमांक गायब असले की मधे काय होतं असा प्रश्न येतो. खराब फोटो हा नुसता खराब फोटो. गायब फोटोबद्दल वकील काहीही सुचवू शकतो. रंग खुलवायचो. रक्त वाळलं की तपकिरी, काळपट होतं, ते मला मेलेलं वाटायचं, मी ते संगणकावर लालभडक करून द्यायचो. कुणी सांगितलं नव्हतं. हौस.

आणि कार्ड. त्या काळी माझ्याकडे मोजकी मेमरी कार्डं. पंचनाम्याचे फोटो संगणकावर उतरवायचे, सीडी करून द्यायची, कार्ड फॉरमॅट करायचं, दुसऱ्या दिवशी लग्न. कोर्टात मूळ कार्ड मागितलं तेव्हा माझं खरं उत्तर होतं, “साहेब, त्यावर लग्न घेतलं.” कोर्टात हशा झाला. मलाही हसू आलं, ते आवरलं.

निगेटिव्ह होती तेव्हा मूळ वस्तू हातात धरता यायची. फाइलीचं मूळ कोणतं? त्यासाठी पुरावा कायद्यात कलम 65 ब होतं, फाइल कुठल्या यंत्रातून कशी आली त्याचं प्रमाणपत्र द्यायचं. वर्षानुवर्षं ते कुणी मागायचं, कुणी नाही. 2014 मध्ये अन्वर विरुद्ध बशीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते लागतंच असं सांगितलं, मग मधल्या एका निकालानं ते थोडं सैल केलं, आणि शेवटी 14 जुलै 2020 ला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या निकालात पक्कं केलं. हे आपल्या जालन्याचं प्रकरण. 2014 ची विधानसभा, उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही, निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रण. दोन पुढाऱ्यांचं ते भांडण आमच्यासारख्या फोटोवाल्यांच्या दुकानापर्यंत येऊन पोचलं. त्याआधी मी ज्या सीड्या दिल्या त्यांतल्या कितींना प्रमाणपत्र होतं, हे आठवायचंही मी टाळतो.

यातली एक चूक कोर्टात गेली नाही, म्हणून कदाचित सर्वांत जड आहे. संगणकावर लग्नांची आणि पंचनाम्यांची फोल्डरं शेजारी शेजारी असत, तारखेची नावं दिलेली. दुकानातल्या पोरानं एका गिऱ्हाइकाला लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर भरून दिले, त्यात एक फोल्डर जास्तीचं गेलं. दोन दिवसांनी नवऱ्यामुलाचे चुलते आले. पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. “घरातल्या पोरींनी टीव्हीला लावून बघितलं,” एवढंच म्हणाले. पोराला मी ओरडलो नाही. फोल्डरांना नावं मी दिली होती, संगणकाला पासवर्ड मी घातला नव्हता. बलात्काराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख फुटू नये यासाठी कायद्यात शिक्षा आहे. त्या फोल्डरमध्ये तसलं प्रकरण नव्हतं ही माझी हुशारी नव्हे, नशीब.

कोपर्डी आमच्याच तालुक्यात. 13 जुलै 2016 ला तिथं एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. तिथले फोटो मी काढलेले नाहीत, आणि त्याबद्दल मी आजही सुटकेचा श्वास टाकतो. त्या घटनेनंतर महाराष्ट्रभर निघालेले मूक मोर्चे सगळ्यांना आठवतात. मी मात्र नगरच्या सत्र न्यायालयातल्या सुनावणीच्या बातम्या वाचत होतो, धंद्याच्या नजरेनं. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नव्हता, खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील. तीन आरोपी 18 नोव्हेंबर 2017 ला दोषी ठरले आणि 29 नोव्हेंबरला तिघांना फाशीची शिक्षा झाली. पुराव्याच्या साखळीत दातांच्या खुणांची एक कडी होती, असं बातम्यांत आलं. ते वाचून मी पेपर खाली ठेवला. अशा खुणेचा फोटो मला काढायला सांगितला असता तर मी तो कसा काढला असता?

मला माहीत आहे कसा. समोरून फ्लॅश, जरा तिरका कोन, शेजारी पेन किंवा नाणं. आणि तो फोटो कुचकामी ठरला असता. दातांची खूण वळणदार अंगावर असते, कातडी ताणली जाते, तास गेले की रंग बदलतो. त्यासाठी काटकोनाच्या आकाराची पट्टी असते, दोन बाजूंना मिलिमीटर आणि कोपऱ्यांत वर्तुळं. फोटोत ते वर्तुळ लांबट दिसलं की कॅमेरा तिरका होता हे कळतं आणि तेवढी दुरुस्ती करता येते. पट्टी खुणेच्याच पातळीत धरायची. साध्या उजेडात, मग तिरप्या उजेडात, शक्य असेल तर अतिनील किरणांत, कारण डोळ्याला न दिसणारी जुनी इजा त्यात कधी कधी दिसते. दिल्लीच्या 2012 च्या निर्भया प्रकरणात सफदरजंग रुग्णालयात काढलेले असे फोटो धारवाडच्या दंत महाविद्यालयातल्या तज्ज्ञाकडे गेले. त्यांनी आरोपींच्या दातांच्या साच्यांशी ते ताडून पाहिले, आणि 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा विचार केला. धारवाडच्या तज्ज्ञानं ती जखम कधीच पाहिली नव्हती. त्यांच्यापुढे होते फक्त फोटो.

पण इथंच दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण बाजारात एकच सांगितली जाते. कोपर्डीच्याच वर्षी, सप्टेंबर 2016 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानं अहवाल दिला की चाव्याच्या खुणेवरून माणूस ओळखण्याला पुरेसा वैज्ञानिक पाया नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कीथ हारवर्ड नावाचा माणूस व्हर्जिनियातल्या तुरुंगातून सुटला. तेहतीस वर्षं आत. दंततज्ज्ञांनी खूण त्याचीच म्हटलं होतं, डीएनएनं दुसऱ्याच माणसाचं नाव सांगितलं. तज्ज्ञ चुकले, पण त्यांच्यापुढचा फोटो बहुधा स्वच्छच असणार. फोटो उत्तम आला म्हणून त्यातून काढलेला अर्थ उत्तम होत नाही. हे मला वाचून पटलं असतं तर बरं झालं असतं. मी ते एका पोराच्या जिवावर शिकलो.

झालं असं की जुना एक कॅमेरा मी पुण्याला नेऊन त्याच्या सेन्सरवरची काच काढून घेतली. डिजिटल कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी ती काच असते. ती काढली आणि पुढे काळी फिल्टर लावली की कॅमेरा डोळ्यापलीकडचं बघतो. कपड्याचे पुष्कळसे काळे, निळे रंग त्या किरणांत फिके पडतात, आणि त्यावरचे डाग तसेच गडद राहून वर येतात. काळ्या शर्टावरचं रक्त, जवळून झाडलेल्या गोळीची काजळी, हे असं दिसू शकतं. मला हे एवढं आवडलं की कॅमेरा मी न मागता बरोबर न्यायला लागलो. एका मारामारीच्या प्रकरणात ट्रॅक्टरवरच्या पोराचा गडद निळा शर्ट पुढे आला. साध्या नजरेला काही नाही. मी माझ्या कॅमेऱ्यानं घेतला, छातीवर मोठाले काळे डाग. सगळे चकित. “हे रक्तच,” मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

ते इंजिनचं जुनं ऑइल होतं. जळक्या ऑइलमध्ये काजळी असते, तीही त्या किरणांत काळीच दिसते. शर्ट प्रयोगशाळेत गेला, अहवाल यायला जायचा तेवढा वेळ गेला, आणि तोवर त्या पोराकडे गावानं कसं बघितलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. प्रयोगशाळेची माणसं असा फोटो कुठून कापायचं ते ठरवायला वापरतात. रक्त आहे की नाही हे रसायनच सांगतं, आणि ते कुणाचं हे डीएनए. ल्युमिनॉलचंही तेच. अंधारात निळं चमकलं की सिनेमात खुनी सापडतो. खऱ्या आयुष्यात ब्लीचिंगही चमकतं, तांब्याचे क्षार चमकतात, काही भाज्यांचा रसही चमकतो. पोरगा पुढे भेटला, सरळ बोलला. त्याच्या आईनं बोलणं सोडलं ते सोडलंच. त्या घरातलं कुठलंही कार्य पुन्हा आमच्याकडे आलेलं नाही.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रण पोलिसांनी स्वतः करायचं, मोबाइलवर चालतं. सात वर्षं आणि त्यावर शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जायचं; त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. प्रमाणपत्रात आता फाइलीची हॅश किंमतही लिहायची, म्हणजे फाइलीत एक ठिपका बदलला तरी पकडला जातो. लालभडक रक्ताची सोय संपली. दुकानासमोर मोटारसायकल क्वचित थांबते. मोबाइलवाल्या नव्या पोरांना मी दोन गोष्टी आवर्जून सांगतो: घड्याळ बघा आणि काही डिलीट करू नका. चपलांचं सांगत नाही, ते हसतात.

माझ्याकडे मात्र जुन्या निगेटिव्हची पाकिटं आहेत, बऱ्याच बुरशी लागलेल्या, आणि एक हार्ड डिस्क. कित्येक मेलेली माणसं त्यात आहेत. काही प्रकरणांची अपिलं अजून चालू असतील, म्हणून पुसता येत नाही. आमच्या सौभाग्यवतींचं मत, घरात ठेवायचं नाही. मी गाव, साल, आठवेल तो गुन्हा क्रमांक अशी यादी केली, आठवत नाही तिथं तसं लिहिलं, आणि यादी जोडून पोलिसांकडे लेखी अर्ज दिला की हे कुणाच्या ताब्यात द्यायचं ते कळवावं. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर यायचंय. तोवर डिस्क दुकानातून काढून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे आणि लग्नांसाठी नवी घेतली आहे.